दिवसपाळीचं पाखरू

आनंदीबाई जेवणं उरकली की दिवा फुंकते. रॉकेल वाचतं.

भिवंडीत कापडाचे लूम चालू असताना कुणी बोलत नाही. बोलून उपयोग नसतो.

दिघाशीच्या माळावर एक पाखरू आहे. कोंबडीएवढं, मातीच्या रंगाचं, पिवळ्या लांब पायांचं. उडायचा त्याला कंटाळा. पळतं.

बाळाराम मुकादमाला उभ्या उभ्या झोप लागते.

तुळजाच्या मानेवर, केसांच्या आत, एक तीळ आहे. हे साऱ्या दिघाशीला ठाऊक आहे.

शेठला दाढी आहे. आनंदीबाईच्या हनुवटीवर दोन केस आहेत.

*

तीळ साऱ्या गावाला ठाऊक झाला तो रघूमुळे. रघू म्हणजे आनंदीबाईचा मुलगा, तुळजाचा नवरा, भिवंडीच्या एका कारखान्यात चार लूम सांभाळणारा. लूमच्या खडखडाटात बारा बारा तास उभं राहिलं की कान आधी भणभणतात, मग शांत होतात, मग कायमचे शांत होतात. आपला आवाज आपल्यालाच पोचेनासा होतो. म्हणून माणूस तो वाढवतो. रघूने एकदा सुट्टीच्या रात्री, आपल्या मते तुळजाच्या कानात, हळूच सांगितलं की तुझ्या मानेवरचा तीळ मला फार आवडतो. दुसऱ्या दिवशी विहिरीवर रंगूबाईने कळशी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मान फिरव गं बाय. बघू तरी, येवढा हाय तरी कवढा."

तेव्हापासून तुळजाने घरात रघूशी बोलणं सोडलं. म्हणजे तो बोलायला लागला की ती उठून चुलीकडे जाई.

घर एका खोलीचं. खोलीत रघूचा बाप अनंता, आई आनंदीबाई, लग्नाची बहीण गोदू आणि हे दोघे. रघू कायम रात्रपाळीला. पाळी आठवड्याला बदलायची रीत होती, पण रीत मुकादमाच्या हातात होती, आणि बाळाराम मुकादम वडप्याचा. त्याच्या गावची पोरं दिवसा आणि बाकीची रात्री. दोन्ही पाळ्यांना मुकादम तोच; राहायचाही कारखान्यातच. रघू संध्याकाळी जायचा, सकाळी यायचा, दिवसभर झोपायचा.

"लग्नाला चार वर्सं झाली," आनंदीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "पोरगा घुबडावानी दिवसा झोपतो. पाळणा हलंल कसा? दिवसपाळी भेटली पायजे."

"दिवसपाळी भेटली पायजे," अनंता म्हणायचा.

"दादाला दिवसपाळी भेटली तर दुपारी तरी घर गप राहील," गोदू म्हणायची. रघू झोपेतही मोठ्याने बोलायचा.

तुळजाला कुणी विचारलं नाही. सुनेला यात काय विचारायचं?

*

माळ हे गावच्या नकाशावर काहीच नव्हतं. भाताला न चालणारी जमीन. दगड, करपलेलं गवत, चार बोरीची झुडपं, एक निवडुंग. गुरंसुद्धा तिथून नुसती जात, थांबत नसत. एसटीच्या फाट्यावरून गावात यायचं तर मात्र माळ ओलांडावा लागे.

सकाळी रघू वाड्याला जाणाऱ्या एसटीतून फाट्यावर उतरायचा. त्याच वेळी तुळजा शेण वेचायची पाटी घेऊन माळावर आलेली असायची. गुरं थांबत नसलेल्या माळावर शेण कितीसं मिळणार? आनंदीबाईने एकदा पाटीत डोकावून विचारलंही.

"सकाळभर येवढंच?"

"वाळलंय ना सगळं," तुळजा म्हणाली.

माळावर कुणी नव्हतं. इथे रघूने कितीही आरडून सांगितलं तरी ऐकायला फक्त ते पाखरू. बोरीच्या विरळ सावलीत ते दगडासारखं बसलेलं असे. पुस्तकांत त्याला करवानक म्हणतात. दिघाशीत त्याला डोळ्या म्हणत, कारण लांबून त्याचं दुसरं काही दिसतच नसे. मातीत मिसळलेल्या मातीला मध्येच दोन मोठे पिवळे डोळे. रघूने तोंड उघडलं, "आज कापडाची चार ठाणं काढली!" की डोळे उठत, मान खाली घालून, गुडघे वाकवत, चोरासारखे पळून जात.

"तेवढा एक ऐकणारा, त्यालाबी पळवलात," तुळजा म्हणाली.

"काय?"

तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग हात काढून, ओठ नीट हलवत विचारलं, "लूमवर कसं बोलता?"

रघूने दाखवलं.

*

दोन बोटांची कात्री: धागा तुटला.
रिकामे तळहात वर: कांडीवरचं सूत संपलं.
तळहात गळ्याशी आडवा: लूम बंद कर.
हनुवटीवरून हात, दाढी कुरवाळल्यासारखा: शेठ आला.
मूठ छातीशी गोल फिरवणे: चालू आहे, ठीक आहे.
अंगठा तोंडाकडे: चहा.

आणखी थोड्या होत्या. एवढ्यात भिवंडीतल्या हजारो माणसांचं भागत होतं.

*

यांचंही भागलं. कात्री म्हणजे घरात भांडण झालं. रिकामे तळहात म्हणजे तांदूळ संपले, किंवा मी दमले, किंवा दोन्ही. हनुवटीवरून हात म्हणजे आनंदीबाई. हे तुळजाने पहिल्यांदा केलं तेव्हा रघू इतका हसला की डोळ्या पळालाच. मूठ फिरवली की ठीक. आणि अंगठा तोंडाकडे नेला की त्याचा अर्थ चहा नव्हता. माळावर चहा कुठला!

एक खूण त्यांनी स्वतःची घातली. अंगठा आणि तर्जनीचं कडं डोळ्याला लावायचं: पाखरू. तो बघ, आज तिथे बसलाय.

ती दोघं आता निवडुंगाच्या आडोशाला समोरासमोर बसत आणि हात हलवत. पाखरू जवळ जवळ सरकू लागलं. हलणाऱ्या हातांचं त्याला काही वाटत नसावं. घरी तुळजा शेणाची अर्धी पाटी घेऊन पोचायची, तोंड बंद, आणि गोदू म्हणायची, "वयनी आज लई बोललेली दिसतंय." ते तिला कसं कळायचं कुणास ठाऊक.

फक्त लूमवरच्या खुणांमध्ये एक गोष्ट नव्हती. तुला हवं आहे का, असं विचारायची खूण नव्हती. कारखान्यात ते कुणी कुणाला विचारत नाही.

*

डोळ्या पाखराची गोष्ट बाळाराम मुकादमापर्यंत पोचली ती रघूच्याच तोंडून. पाळी सुटल्यावर चहाच्या गाडीवर तो शेजारच्या लूमवाल्या अन्सारीचाचाला पाखराचं कौतुक सांगत होता. म्हणजे अर्ध्या भिवंडीला सांगत होता.

त्या आठवड्यात शेठने बाळारामला रात्री लूमला टेकून झोपलेला पकडला होता. पुन्हा दिसलास तर घरी बस, असं शेठ म्हणाला होता. बाळाराम पेला घेऊन जवळ आला.

"झोपत न्हाय म्हणतोस ते पाखरू?"

"आं?"

"झो-पत-न्हाय?"

"मी तरी कवा मिटलेलं बघितलं न्हाय! कवाबी बघा, डोळं उघडंच!"

"अरे धीरे बोल, बाप," अन्सारीचाचा म्हणाले. "पंछी का नाम सुनके पुलिस आ जाएगी."

बाळाराम विचारात पडला. मग हळू आवाजात बोलला, त्यामुळे रघूला दोनदा सांगावं लागलं. "जितं आण. कारखान्यात ठेवू. येवढाले डोळं समोर असलं तर कुणाची टाप हाय झोपायची? आण, आन् दिवसपाळी घे."

"मुकादम," चाचा म्हणाले, "जागेगा तो पंछी. आप कैसे जागोगे?"

"चाचा, तू आपल्या लूमवरचा ताणा बघ."

*

दुसऱ्या दिवशी माळावर रघूने डोळ्याला कडं लावलं. मग दोन्ही हातांनी हवा धरली: पकडायचं. मग आकाशाकडे बोट करून सूर्य दाखवला, आणि मूठ फिरवली. पाखरू पकडलं की दिवसपाळी.

तुळजाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसत होता. चार वर्षं घरचे सगळे ज्याच्यासाठी नवस बोलत होते ते मिळणार होतं, तो हसणारच. याला हवीय, तिला वाटलं.

रघूने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसली. हिला हवीय, त्याला वाटलं.

पाखरू पाटी टाकता येईल एवढ्या अंतरावर बसलं होतं. उन्हाने त्याची चोच किंचित उघडी होती. तुळजा बसल्या बसल्या पुढे सरकली. ते पळालं नाही. ते मान लांब करून जमिनीवर पसरलं, म्हणजे आपण दिसत नाही असं त्याने ठरवलं. तुळजाने शेणाची पाटी उचलली आणि त्याच्यावर पालथी घातली.

इतकं सोपं. त्यांच्यावर त्याचा विश्वास बसायला मात्र सारा उन्हाळा गेला होता.

पाटीखालून काही आवाज आला नाही. रघू आनंदाने ओरडला आणि फाट्यावरची माणसं वळून बघू लागली.

*

दिवसपाळी.

रघू पहाटे अंधारात निघायचा, संध्याकाळी सुटायचा, एसटी मिळून घरी यायला अंधार व्हायचा. जेवणं व्हायची. आनंदीबाई समाधानाने सगळ्यांकडे बघायची, विशेषतः सुनेकडे, आणि लगेच दिवा फुंकायची. आता तर रॉकेलपेक्षा मोठं कारण होतं.

अंधारात खुणा दिसत नाहीत.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भिंतीकडून अनंताचा खोकला, मध्ये गोदूच्या बांगड्या, आणि या कोपऱ्यात दोन माणसं डोळे उघडे ठेवून पडलेली. रघूने तोंड उघडलं की तुळजाचा हात यायचा. एकदा तिने त्याचा पंजा धरून त्यावर खुणा करून पाहिल्या. कात्री कळली. मूठ कळली नाही. अंगठा तिने त्याच्या तोंडाकडे नेला, तो वाट चुकून त्याच्या डोळ्यात गेला.

"आई गं!" रघू म्हणाला.

"काय रं झालं?" आनंदीबाईने अंधारातून विचारलं. आवाजात आशा होती.

गोदू तोंडावर गोधडी घेऊन हसत राहिली.

सकाळी विहिरीवर रंगूबाई म्हणाली, "आता काय बाय, दिवसपाळी. मजा हाय."

*

पाखराला कारखान्याच्या दाराजवळ, कोंबड्यांच्या डालग्यात ठेवलं होतं. पहिल्या दिवशी लूम सुरू झाले तसं ते जमिनीला चिकटलं. जमीनच थरथरत होती. डोळे इतके मोठे झाले की बाळाराम खूश झाला. रघू त्याच्यासाठी रुमालात नाकतोडे बांधून आणायचा. ते खात नसे.

आठ-दहा दिवसांनी खाऊ लागलं. मग डालग्यात उभं राहू लागलं. शेजारून कांड्यांचं खोकं आपटलं तरी हलेना.

"बघ," बाळाराम रघूच्या कानाशी ओरडला. "कसं माणसाळलं! नवीन कारागीर बी असाच असतो. आधी भेदरतो. मग होते सवय."

रघूने मूठ फिरवली: ठीक.

त्याच पाळीत, चहाच्या वेळी, त्याने बाळारामला गाठलं.

"मला रात्रपाळी द्या परत."

बाळारामने पेला खाली ठेवला. "काय बोललास?"

"रात्रपाळी!"

गाडीवरची सगळी माणसं वळली. बाळारामने त्याला खालपासून वर पाहिलं. "दिवसपाळी समदी मागतात. रात्रपाळी कोण मागतो? ज्याला सूत पळवायचं असतं तो. काय चाललंय तुझं?"

"काय न्हाय. मला... माळावर..."

"माळावर काय?"

रघूला पहिल्यांदाच हळू बोलावंसं वाटलं, आणि हळू म्हणजे किती ते त्याला कळेना. त्याने तोंड मिटलं.

"घरी बायकोजवळ झोपायला भेटतंय, तर याला माळावर जायचंय," बाळाराम सगळ्यांना म्हणाला. "जा, लूम बघ."

*

सुट्टीचा दिवस. माळ. ऊन. निवडुंगाच्या आडोशाला दोघं.

"मला वाटलं, तुमाला पायजे."

"काय?"

"मला! वाटलं! तुमाला! पायजे!"

"मला वाटलं तुला पायजे!"

फाट्यावर एसटीची वाट बघणारा एक म्हातारा उभा होता. त्याने हे सगळं ऐकलं आणि मान हलवली. लग्नाचं असंच असतं, अशा अर्थाने हलवली असावी.

तुळजाने बोरीच्या झुडपाखाली बोट दाखवलं. तिथे काही नव्हतं. मातीत एक उथळ खळगा, जिथे काहीतरी बसायचं.

*

पुढचं अन्सारीचाचांनी पाळी बदलताना रघूला सांगितलं, निम्मं तोंडाने आणि निम्मं हातांनी.

रात्री कारागीर कापडाकडे बघायचे सोडून डालग्याकडे बघायचे. पाखरू रात्री खरंच जागं असायचं, डालग्यात इकडून तिकडे चालायचं, मध्येच चोच उघडायचं. ओरडत असावं. कुणाला ऐकू येत नव्हतं. ते काय म्हणतंय यावर पैजा लागायच्या. त्या नादात एका लूमवर धागे तुटत राहिले आणि हातभर कापड जाळीसारखं निघालं. आणि मुकादम? मुकादम डालग्यासमोर स्टुलावर, डोळ्यांत डोळे घालून बसायचा, आणि तसाच पेंगायचा. एखाद्याने आपल्यासाठी जागं राहायचं पत्करलं की माणूस निवांत होतो.

चाचांनी हनुवटीवरून हात फिरवला: शेठ आला.

शेठने आधी कापड पाहिलं. मग झोपलेला बाळाराम पाहिला. मग त्याच्याकडे टक लावून बघणारं पाखरू पाहिलं. तिघांमध्ये तेच तेवढं कामावर होतं. शेठने स्टूल लाथेने उडवलं.

"ये जानवर कौन लाया?"

बाळाराम जमिनीवरून म्हणाला, "रघू. दिघाशीवाला."

"ले जाए अपना जानवर. और रात में डालो उसको, हमेशा के लिए. दिन में मौज करता है और रात की पाली खराब करता है."

बाळारामचं काय झालं? काही नाही. शेठला वडप्यात गोदामासाठी जागा हवी होती, आणि ती बाळारामच्या चुलत्याची होती.

*

दिघाशीत बातमी पोचली तसं अनंता ओट्यावर बसून राहिला. आनंदीबाई रडली. शेजारणी येऊन बसल्या. "नशीब एकेकाचं," रंगूबाई म्हणाली. तुळजाने डोळ्याला पदर लावला, आणि पदराआडून रघूला अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला.

"चहा करतेस?" आनंदीबाईने मुसमुसत विचारलं. "कर. सगळ्यांना कर."

तुळजाने सगळ्यांना चहा केला.

पहिल्या रात्रपाळीनंतर रघू एसटीतून उतरला तो डालगं घेऊनच. तुळजा पाटी घेऊन उभी होती. ऊन नुकतं चढत होतं. दोघं बोरीच्या झुडपापाशी गेली. रघूने डालगं आडवं करून दार उघडलं.

पाखरू बाहेर आलं. चार पावलं चाललं. खळग्याजवळ थांबलं आणि बसलं.

रघूला इतका आनंद झाला की तो विसरला. "जा!" तो ओरडला. "जा, सुटलास!"

आवाज माळाच्या पार टोकाला गेला. पाखरू बसून राहिलं.

रघूने टाळी वाजवली. मग डालगं दगडावर आपटलं. पिवळे डोळे समोर बघत होते, पळण्यासारखं काही घडलं आहे असं त्यांत दिसत नव्हतं.

"बघ," रघू ओरडला, "भीती गेली त्याची! माणसाळलं!"

तुळजा वळसा घालून पाखराच्या पाठीमागे गेली, त्याला दिसणार नाही अशी, आणि तिने जमिनीवर जोरात पाय आपटला. माती हादरली तसं ते उठलं आणि गुडघे वाकवत धावत सुटलं. थोडं लांब जाऊन थांबलं. रघू अजून ओरडत होता. त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

माळावर कोल्हे होते. गावची कुत्री होती. रात्री पाय न वाजवता चालणारी.

तुळजा परत आली आणि रघूसमोर बसली. तिने अंगठा आणि तर्जनीचं कडं डोळ्याला लावलं: पाखरू. मग आपल्या कानाला बोट लावलं, आणि तळहात गळ्याशी आडवा नेला: बंद. मग तेच बोट तिने त्याच्याकडे केलं आणि भुवया उंचावल्या. ही खूण लूमवरची नव्हती.

रघूने तिच्या बोटाकडे पाहिलं. मग लांब, जिथे पाखरू मातीत मिसळून गेलं होतं तिकडे पाहिलं. मग त्याने मूठ छातीशी धरली आणि गोल फिरवली. चालू आहे. ठीक आहे. बराच वेळ फिरवत राहिला.

तिने ती मूठ धरून थांबवली.

लग्नात घास भरवताना रघू तुळजाच्या कानात काहीतरी बोलला होता, आणि मांडवात ते तिच्याशिवाय कुणालाही ऐकू गेलं नव्हतं.